यूरे ते सिल्व्हरटन: बिनकठड्याचे सहा मैल

कोलोरॅडोत यूरे ते ड्युरँगो हा यूएस 550 महामार्गाचा टप्पा साधारण 70 मैलांचा. नकाशा पावणेदोन तास दाखवतो, त्यावर विसंबू नका. सप्टेंबरअखेर अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी झाली की दर दोन मैलांवर थांबणं होतं. चार तास धरा. ‘सॅन ह्वान स्कायवेचं (हा टप्पा ज्यात येतो त्या वर्तुळाकार मार्गाचं) अख्खं वर्तुळ एका दिवसात करा’ हा सल्ला तर सर्रास मिळतो. ते 236 मैल आहेत. होतात, पण शेवटचा घाट अंधारात येतो आणि हरणं नेमकी तेव्हाच रस्त्यावर उतरतात. करू नका.

खरी परीक्षा यूरे सोडल्याबरोबर. अनकम्पाग्रे नदीच्या घळीच्या कडेने सुमारे सहा मैल रस्ता कड्यात कोरलेला आहे. पांढरी पट्टी संपते तिथेच डांबर संपतं आणि तिथेच दरी. कठडा नाही, कारण हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाड्यांना तो दरीतच लोटावा लागतो. वरंधा-आंबेनळीची सवय असलेल्यांनीही फुशारकी मारू नये. इथे गाडी उजवीकडून चालते, म्हणजे दक्षिणेला जाताना दरीकडची मार्गिका तुमची. चालक डावीकडे बसतो. दरी दिसते ती शेजारच्या सीटवरच्याला. उंचीची भीती असलेल्याला तिथे बसवू नका, मागे डावीकडे बसवा.

चालकच घाबरत असेल तर ड्युरँगोकडून यावं. डोंगराकडची बाजू मिळते. मात्र तेव्हा घळीत उतार असतो, आणि उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो, पेडल मऊ पडतं. ऑटोमॅटिक गाडीतही ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर टाका. हा गिअर वळणाच्या आधी टाकायचा, वळणात नाही. तीव्र वळणांवर ताशी 10-15 मैलच. मागे रांग लागली तर पुढच्या थांब्यावर बाजूला घ्या. घाईत वेग वाढवू नका. फोटोसाठी मार्गिकेतच गाडी उभी करणारे बरेच भेटतात, त्यांच्यासाठी अंतर राखून चाला. बेअर क्रीक धबधब्यापाशी थांबायला नीट जागा आहे.

आयर्नटनला दरी सुटते आणि जीव भांड्यात पडतो. पुढे लोहाच्या ऑक्साइडमुळे लालभडक झालेले डोंगर, मग 11,018 फुटांची रेड माउंटन खिंड. विरळ हवेमुळे टर्बो नसलेलं इंजिन इथे जवळपास तीस टक्के ताकद गमावतं. गाडी बिघडलेली नाही, चढावर ओव्हरटेकचा विचार तेवढा सोडा. डोकं दुखू लागलं तर पाणी प्या आणि वर रेंगाळू नका. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी यूरेतच, निघण्याआधी घ्यावी.

वाटेतल्या सिल्व्हरटन गावाच्या पुढे मोलास आणि कोल बँक या खिंडीही साडेदहा हजार फुटांच्या वर, पण त्या मानाने सोप्या. त्यांची धास्ती घेऊ नका.

बर्फ सप्टेंबरातही पडतो. सकाळी घळीत ऊन उशिरा पोचतं, सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ थर राहतो. थंडीच्या रात्रीनंतर नऊच्या आधी निघू नका. भाड्याच्या गाडीच्या टायरवर ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फासाठीचे टायर) छाप आहे का ते ताब्यात घेतानाच बघा. सीओट्रिप या कोलोरॅडोच्या सरकारी संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती गावातच पाहून घ्या, घाटात रेंज जाते. टाकी यूरेच्या उत्तरेकडच्या माँट्रोजला भरा.