मागीलदारची उतरण

आमच्या गावच्या घराचं मागीलदार म्हणजे घसरगुंडी. दारात बसून लिंबं निवडताना एखादं हातातून निसटलं की ते थेट खालच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात जायचं. मध्ये एक फणस आहे, तो अधूनमधून अडवायचा, एवढंच. दारापासून खालच्या मेरेपर्यंत, म्हणजे हद्दीपर्यंत जेमतेम तीस फूट अंतर आणि त्यात नऊ फुटांचा उतार. आजोबांनी तिथे काही केलं नाही, वडिलांनी फणस लावला आणि मी ठाण्यात बसून यूट्यूबवर व्हिडिओ पाहिले.

त्या व्हिडिओंत अशाच एका उतारावर तीन मिनिटांत फरसबंदी होते, दगडी बाकं येतात, मधोमध शेकोटी पेटते आणि माणसं हसायला लागतात. त्याला हार्डस्केपिंग म्हणतात. कुडाळच्या बाजूला मे महिन्यात शेकोटी पेटवून कोण बसणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. बाकी घराबाहेर राहण्याचं शिक्षण आम्हाला बाहेरून घ्यायची गरज नव्हती. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात दिवाळीनंतर मांडव घातला की जेवणं, झोपणं, भांडणं सगळं तिथेच. घराच्या आत आम्ही राहतो ते पावसापुरते. पण खळं पुढे. मागे बसायची सोय नाही, आणि व्हाळ तर मागे.

मग एप्रिलमध्ये गवंडी लावला. सिमेंटची सरळसोट भिंत, साडेचार फूट उंच. मागे मातीचा भराव, पायांनी तुडवून दाबलेला, त्यावर फरशी. गवंड्याने विचारलं होतं, भिंतीत पाइप टाकायचे का, पाणी बाहेर पडायला? मी म्हणालो, भोकं वाईट दिसतील. वर पाइपांचे पैसेही वाचले. हे मी काकीला अजून सांगितलेलं नाही. तिच्या लेखी दोष गवंड्याचाच आहे.

जुलैत काकीचा फोन आला. भिंतीला पोट आलंय म्हणाली. गरोदर बाईबद्दल सांगावं तसं जपून. आठवड्याने दुसरा फोन: भिंत गेली. रात्री आवाजही झाला नाही म्हणे, पावसात कोणाला ऐकू येणार. सकाळी फरशा फणसाच्या बुंध्याशी गोळा होऊन पडलेल्या होत्या. फणसाने जन्मभर जे केलं तेच केलं.

मी मग शाळेतल्यासारखा हिशेब मांडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे काही विशेष नाही, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. मागची जागा दोन गुंठे, म्हणजे साधारण दोनशे चौरस मीटर. झालं सहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे साठ टँकर मी माझ्या भिंतीमागे उभे केले होते, आणि त्यांना बाहेर पडायला एक भोक ठेवलं नव्हतं. वरच्या वाडीतून उतरून येणारं पाणी वेगळंच. कोरडी माती बऱ्यापैकी आपल्या पायावर उभी राहते. भिजली की जड होते, सैल होते आणि तिच्यात साचलेलं पाणी भिंतीला आडवं रेटत राहतं. जितकं खोल तितका रेटा जास्त, म्हणून पोटही खालीच सुटतं.

दिवाळीनंतर काकीने गडगे, म्हणजे दगड रचून केलेले बांध, घालणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी पडलेल्या भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाण्याक जावक वाट खंय ठेवलंस?" मी फणसाकडे बघत राहिलो.

त्यांनी एका साडेचार फुटी भिंतीऐवजी तीन-तीन फुटांचे तीन गडगे सांगितले. सिमेंट नाही, नुसता जांभा, तोही बराचसा आमच्याच उतारातून निघालेला. माझा समज होता की गडगा म्हणजे दगडांवर दगड. काका एक दगड उचलायचे, फिरवायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. मी विचारलं, काय बघता? "दगडाक तोंड आसता. तां खंयच्या बाजूक आसा तां आदी बघूक व्हयां." मोठे दगड तळाला. खालचा सांधा वरच्या दगडाच्या पोटाखाली. मध्येमध्ये एखादा लांब दगड आडवा, थेट आतल्या मातीत घुसवलेला. सगळा गडगा आतल्या अंगाला थोडा कलता, जणू टेकडीला पाठ लावून बसलाय. मागे वीतभर जाडीची दगडांच्या तुकड्यांची भर. पाण्याला मुद्दाम भोक नको, कारण अख्खा गडगा म्हणजेच भोकं.

जेवताना मी त्यांना सांगितलं, 2018 साली युनेस्कोने युरोपातल्या आठ देशांची ही कोरड्या गडग्यांची कला मानवतेच्या वारशाच्या यादीत घातली. त्यांनी सोलकढीचा घोट घेतला. "मगे माका कित्याक नाय बोलावल्यांनी?"

गडग्यांमागे तीन सपाट्या झाल्या. मधल्या, सगळ्यात रुंद सपाटीवर जांभ्याचे चिरे अंथरले. एकेक चिरा पंचवीस-तीस किलोचा. दोन उचलून मी मुकादमाची जागा घेतली. खाणीतून काढलेला ताजा जांभा तसा मऊ असतो, करवतीने कापता येतो. वाऱ्यावर पडून राहिला की घट्ट होतो. आणि सपाटी म्हणायची, पण सपाट नाहीच. पाण्याच्या नळीने पातळी धरून दर चार फुटांना एक इंच ढाळ ठेवला. डोळ्याला दिसत नाही. पाण्याला बरोबर दिसतो. इतका खटाटोप करून शेवटी उतार गेलाच नाही. तीस फुटांत एकदम कोसळायचा तो आता टप्प्याटप्प्याने, पायऱ्यांवरून, सभ्य माणसासारखा उतरतो.

पहिला पाऊस मी तिथे जाऊन पाहिला. सगळ्या चार दिवसांच्या सुटीत तेवढंच एक काम केलं. गडग्याच्या सांध्यांतून गढूळ पाणी पाझरलं, दुपारपर्यंत निवळ झालं. पोट नाही, फुगवटा नाही. ऑगस्टपर्यंत दगडांवर हिरवं शेवाळ चढलं आणि पायऱ्यांवर काकीने झावळ्या टाकल्या, नाहीतर लिंबाच्या जागी आम्ही गडगडलो असतो.

यंदा मे महिन्यात मित्रांना घेऊन गेलो. वाटेत गाडीत त्या बैठकीचं बरंच कौतुक सांगितलं होतं. संध्याकाळी चहाचे पेले घेऊन मागीलदारी आलो, तर मधल्या सपाटीवर पाय ठेवायला जागा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोकमाची सालं. दिवसभर तापलेल्या चिऱ्यांवर लाल-जांभळी, मिठाच्या रसात बुडवून काढलेली, पुन्हा सुकायला घातलेली. वरच्या सपाटीवर फणसाच्या साठांची ताटं. दगडी बाकावर आठळ्या.

"पाय नको देव हां थंय," काकी आतून ओरडली. "सोलां सुकतत."

आणि बसायचं कुठे?

"खळ्यात बसा. नायतर चाय थंयच उभ्यान पी."