बॉय

आमच्या ऑफिसात चहापाणी, झेरॉक्स, बँकेतल्या चकरा सगळं बघणारे एक काका आहेत, वय ५४, मोठ्या मुलीकडून आजोबा झालेत आणि पोस्ट काय तर ऑफिस बॉय. परवा धाकटीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरून द्या म्हणून आले आणि 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी माझं पेन अडलं, ५४ वर्षांचा बॉय लिहायचा कसा राव?

तेव्हा मला रॉबर्ट ब्लेक आठवला, अमेरिकेतल्या यादवी युद्धातला (उत्तर विरुद्ध गुलाम राखणारी दक्षिण), गुलामीतून सुटलेला खलाशी. गुलामीतून पळून आलेले लोक मालकाला परत करायचे का, यावर १८६१ मध्ये उत्तरेच्या फौजेतल्या जनरल बटलरने (मूळचा वकील हो!) शक्कल काढली की तुम्हीच त्यांना मालमत्ता म्हणता ना, मग आम्ही ही शत्रूची मालमत्ता जप्त केली, काँट्राबँड, परत मिळणार नाही. माणसं सुटली पण नाव मालाचंच राहिलं. त्याच वर्षी नेव्हीने त्यांना भरती करून घ्यायचं ठरवलं, वय कितीही असो हुद्दा मात्र 'बॉय'च्या वर नाही, पगार महिना १० डॉलर आणि रोजचा शिधा.

१८६३ चा नाताळ, साउथ कॅरोलायनातली स्टोनो नदी, मार्बलहेड नावाची गनबोट. सकाळीच किनाऱ्यावरून तोफा धडाडल्या आणि कॅप्टन मीड झोपायच्या कपड्यांतच डेकवर. ब्लेक त्याचा स्ट्युअर्ड, म्हणजे दिमतीचा माणूस, तो म्हणे युनिफॉर्म हातात घेऊन मागे मागे, साहेब हे घाला आधी. मला हे भारी आवडतं, गोळे पडतायत आणि याला साहेबाच्या कोटाची पडलीय, आमचे काकाही असंच करतील. मग एक गोळा फुटला, तोफेला दारू पुरवणारा पोरगा गेला, तर ब्लेकने युनिफॉर्म टाकला आणि दारूच्या पेट्या स्वतःच तोफेकडे पळत नेऊ लागला. शत्रू शेवटी एक तोफ तिथेच सोडून पळाला.

एप्रिल १८६४ मध्ये ब्लेकला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. हे पदक प्रत्यक्ष हातात पडलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस हाच, आणि मेडलच्या नोंदीत नावापुढे रँक काय, तर काँट्राबँड. जप्त मालाला शौर्यपदक!

मी काकांना म्हटलं, 'कार्यालयीन सहाय्यक' लिहू का, बरं दिसेल. तर म्हणाले, नको साहेब, आयकार्डावर बॉयच आहे, मॅच नाही झालं तर फॉर्म परत येईल.