पीठ रजेवर गेलं की

ऑफिसातला एखादा अबोल माणूस पंधरा दिवसांच्या रजेवर जातो आणि मग कळतं, कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे होत्या, पाणीवाल्याला फोन कोण करायचं आणि प्रिंटरची नाराजी कोण काढायचं. पॅलिओ जेवण, म्हणजे अश्मयुगातला माणूस खायचा म्हणतात तसं जेवण, सुरू झालेल्या घरात पिठाचं नेमकं हेच होतं.

नियम एका दमात सांगता येतो. धान्य, डाळी-कडधान्यं, दूधदुभतं आणि साखर बंद. मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळं, सुकामेवा आणि बिया चालू. (तुपावरून या पंथात दोन तट आहेत. त्यात दुधाचं प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून बरेच जण ते चालवून घेतात.) यादी फ्रिजवर चिकटवायला अर्धं मिनिट पुरतं. पुढच्या चार दिवसांत मात्र रस्सा पाणचट होतो, खिम्याची टिक्की तव्यावर फुटते, ताटात भाजीखाली तळं साचतं आणि जेवण होऊन दोन तास होत नाहीत तोच घरातलं कोणीतरी फ्रिजचं दार धरून उभं असतं. ‘अजून सवय नाही ना’ म्हणून यावर पांघरूण घातलं जातं. सवयीचा दोष त्यात थोडाच असतो. पाणी पिऊन टाकणं, पदार्थ बांधून ठेवणं, रस दाट करणं आणि पोटाला आधार देणं ही चारही कामं पीठ आणि भात गुपचूप उरकत होते. ती आता दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात घालायला हवीत.

आधी पाण्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. फ्लॉवरचा भात हा पॅलिओ स्वयंपाकाचा श्रीगणेशा. तो बिघडतो याचं कारण एकच, की फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के पाणीच असतं. आपण त्याला भाताच्या रांगेत बसवतो आणि वागवतोही भातासारखं, म्हणजे झाकण ठेवून मंद आचेवर. भाताला पाणी आत घ्यायचं असतं, फ्लॉवरला बाहेर टाकायचं असतं. झाकणाखाली ती वाफ परत त्याच्याच अंगावर पडते, दहा मिनिटांत लगदा होतो आणि घरभर तो गंधकाचा वास फिरतो. जास्त शिजलेल्या फ्लॉवर-कोबीचा हा वास एकदा नाकात बसला की मुलं पुढचे दोन महिने ताटाला हात लावत नाहीत.

किलोभराच्या गड्ड्यातून पानं-दांडा काढून साधारण ६०० ग्रॅम तुरे निघतात. चौघांना तोंडीलावणं म्हणून ते पुरतात. तुरे धुऊन कपड्यावर पूर्ण कोरडे करायचे. फूड प्रोसेसर अर्ध्याच्या वर भरायचा नाही आणि बटण दाबून धरायचं नाही. सेकंद-सेकंदाचे आठ-दहा झटके द्यायचे. भांडं गच्च भरलं तर तळाशी चटणी होते आणि वर अख्खे तुरे मजेत बसून राहतात. प्रोसेसर नसेल तर किसणीची मोठी भोकं उत्तम, हाताला थोडा व्यायाम इतकंच. मग पसरट कढई किंवा ३० सेंटीमीटरचा तवा सणसणीत तापवायचा, मोठा चमचाभर तेल किंवा तूप घालायचं आणि एका वेळी निम्माच कीस टाकायचा. पहिला मिनिट-दीड मिनिट ढवळायचंसुद्धा नाही. कान द्यायचा: तडतड ऐकू येतेय तोवर पाणी उडून जातंय, आवाज बसून फसफस सुरू झाली, की समजावं आच कमी पडली किंवा कीस जास्त झाला. पाच-सहा मिनिटांत दाणे कडेने सोनेरी होतात. मीठ त्यानंतर, आच बंद करताना. आधी घातलेलं मीठ पाणी ओढून काढतं आणि केलेली सगळी मेहनत तळ्यात जाते.

झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी) लांब किसून केलेल्या शेवयांना हेच मीठ उलट वापरायचं. तिथे ते आधी लावायचं, ५०० ग्रॅमला अर्धा चहाचा चमचा. वीस मिनिटं चाळणीत ठेवून, कपड्यात पिळून, मग जेमतेम दीड मिनिट तव्यावर. पिळण्याचा कंटाळा केला की सॉसचं सूप होतं.

बांधण्याचं काम जरा नाजूक. खिम्याच्या टिक्कीत पावाचा चुरा नाही म्हटल्यावर हात आपोआप अंड्यांकडे जातो. एक, मग दुसरं, मग तिसरं, आणि शेवटी टिक्कीऐवजी खिम्याचं ऑम्लेट तयार होतं. मांसाला स्वतःचा डिंक असतो. ५०० ग्रॅम खिम्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून दीड-दोन मिनिटं मळलं, की प्रथिनं सुटतात आणि गोळा बोटांना चिकटायला लागतो. तो चिकटपणा आला की थांबायचं. अजून मळलं तर टिक्की रबरासारखी उड्या मारेल. त्यात एक अंडं आणि दोन मोठे चमचे बदामाचं पीठ पुष्कळ. कांदा किसून घालणार असाल तर आधी मुठीत घट्ट पिळा, कारण टिक्की फुटण्याचं अर्धं श्रेय त्या कांद्याच्या पाण्याला जातं. अर्धा तास फ्रिजमध्ये, मग मध्यम आचेवर एका बाजूने चार मिनिटं. टिक्की तव्याला धरून बसली असेल तर ती अजून तयार नाही. खालून नीट भाजली की आपणहून सुटते. तिला खरवडणं म्हणजे झोपलेल्या माणसाला ओढून उठवणं.

बेकिंगमध्ये नारळाचं पीठ आणि बदामाचं पीठ ही जोडी सगळीकडे वापरतात, आणि दोघांना एकाच मापाने मोजण्याची चूकही सगळीकडेच होते. नारळाचं पीठ म्हणजे शुद्ध तहान. गव्हाच्या एका कपाच्या जागी पाव ते एक-तृतीयांश कप ते घालायचं, त्यासोबत एखाद-दोन अंडी वाढवायची आणि भिजवलेलं पीठ दहा मिनिटं तसंच ठेवायचं. ते भिजल्यानंतरही पाणी ओढतच राहतं. सुरुवातीला पातळ वाटलं म्हणून आणखी दोन चमचे घातले, की केक घशात अडकलाच समजा. बदामाच्या पिठाचा स्वभाव वेगळा. ते पाणी फारसं पीत नाही, पण त्यात तेल असतं, त्यामुळे वरून पटकन करपतं आणि आतून ओलं राहतं. १८० अंशांऐवजी १६० वर, थोडा जास्त वेळ भाजायचं आणि वीस मिनिटं साच्यातच गार होऊ द्यायचं. गरम असताना उचललं तर तुकडे हातात.

बदाम कोणाला चालत नसतील तर सूर्यफुलाच्या बियांचं पीठ वापरता येतं. फक्त खायच्या सोड्याशी त्याची गाठ पडली की दुपारी केलेला तपकिरी मफिन संध्याकाळी आतून हिरवागार निघतो. बुरशी समजून बरेच जण तो फेकून देतात. बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल आणि सोड्याचा अल्कधर्मी गुण यांचा हा रंगपंचमीचा कार्यक्रम. पोटाला त्याचा काही त्रास नाही. दोन चमचे लिंबाचा रस घातला की रंग बराच आवरतो. मुलांना मात्र तो हिरवाच आवडतो, असा अंदाज आहे.

रस दाट करायला अरारूट: मोठा चमचाभर अरारूट दोन चमचे गार पाण्यात कालवून, कपभर उकळत्या रशात अगदी शेवटी. अर्ध्या मिनिटात चकाकी येते, तिथेच गॅस बंद. उकळत ठेवलं तर ते पुन्हा सैल पडतं, आणि दुसऱ्या दिवशी गरम करतानाही हीच रड. म्हणून उद्यासाठीचा रस्सा अरारूट घालायच्या आधीच बाजूला काढावा. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे शिजलेला कांदा, गाजर किंवा भोपळा त्याच रशात घोटून टाकणं. ते कितीही वेळा गरम केलं तरी जागचं हलत नाही.

आता फ्रिजचं दार धरून उभ्या असलेल्या माणसाकडे वळू. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी असतात. तेवढ्याच फ्लॉवरमध्ये २५. ताट तेवढंच भरलेलं दिसतं, पण डोळ्यांनी जेवलेलं पोटाला पोचत नाही. वाटीला वाटी बदलून हे गणित सुटत नाही; कंद आणि स्निग्ध पदार्थ वाढवावे लागतात. ताटात प्रत्येकी दीडशे-दोनशे ग्रॅम रताळं असलं की रात्रीची गस्त थांबते. रताळ्याच्या दोन सेंटीमीटरच्या फोडी, तेलाचा हात, २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. फोडींमध्ये बोटभर अंतर ठेवायचं, दाटीवाटी झाली की त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. एका ट्रेमध्ये मावत नसेल तर दुसरा ट्रे घ्यावा. भांडी घासायला लागतील म्हणून एकाच ट्रेमध्ये कोंबलेली रताळी खाण्यापेक्षा भांडी घासलेली बरी.

घरातले सगळेच पॅलिओ खाणारे असतील असं सहसा होत नाही, आणि तसा हट्ट धरूही नये. मूळ पदार्थ सगळ्यांना एकच ठेवावा, भाजलेली कोंबडी किंवा घोटलेल्या भाज्यांच्या रशातले मासे. त्याशेजारी एक पातेलं भाताचं आणि एक ट्रे रताळ्यांचा. ज्याला जे हवं ते त्याने वाढून घ्यावं. वाढत्या मुलांचं दूध आणि धान्य एकदम बंद करायचं असेल तर आधी आहारतज्ज्ञाशी बोलावं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी, कारण ताटातली पिष्टं कमी झाली आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर धोकादायक उतरू शकते. दूध गेलं की कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नये. त्यातलं बहुतेक कॅल्शियम पालकातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य अडवून ठेवतं, ते अंगी लागत नाही. केल ही पालेभाजी किंवा मऊ काट्यांसकट खाल्लेले डब्यातले सार्डिन मासे जास्त कामाचे.

राहिला प्रश्न अश्मयुगाचा. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला आणि ही कल्पना गांभीर्याने चर्चेला आली. पुढे २०१८ मध्ये जॉर्डनच्या ईशान्य भागातल्या शुबायका इथल्या चुलींच्या राखेत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडल्याचं जाहीर झालं. वय सुमारे १४,४०० वर्षं, म्हणजे शेती सुरू होण्याच्या चार हजार वर्षं आधीचे. उलट फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली, केल ही सगळी एकाच रानटी झाडापासून शेतकऱ्यांनी निवडून-निवडून घडवलेली भावंडं. थोडक्यात, त्या चुलीपाशी बसलेल्या माणसासमोर आपलं ताट ठेवलं तर पावाचा तुकडा तो ओळखेल आणि फ्लॉवरच्या भाताकडे बघत बसेल. यामुळे फ्लॉवरची चव कमी होत नाही; ‘हेच आपलं मूळ अन्न’ असं जेवताना इतरांना ऐकवणं तेवढं कमी करावं.

आणि तो फ्लॉवर उरलाच, तर गरम असताना डब्यात भरून झाकण लावू नका, वाफेचं पाणी पुन्हा त्याच्यातच मुरतं. ताटात पसरून गार करा, मग डब्यात तळाला कागदी रुमाल घालून फ्रिजमध्ये. सकाळी तवा चांगला तापवा, वाटीभर कीस त्यावर दोन मिनिटं तडतडू द्या, मध्ये जागा करून दोन अंडी फोडा. झाकण ठेवायचा मोह होईल.