दादाला स्टेमसेल दिल्या, माझा अनुभव

दादाला एएमएल म्हणजे ब्लड कॅन्सर निघाला, किमो झाल्यावर डॉक्टर मॅडम म्हणाल्या स्टेमसेल म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, त्यांचं ट्रान्सप्लांट करावं लागेल, भावंडं किती? मी आणि ताई. मला वाटलं ब्लड ग्रुप बघतील, दादा बी पॉझिटिव्ह आणि मी ओ, म्हणजे माझा पत्ता कट. तर म्हणे ग्रुप वेगळा असला तरी चालतं, एचएलए जुळलं पाहिजे, आणि सख्ख्या भावंडातही पूर्ण जुळायचा चान्स चारात एकच.

ताईचं अर्धंच जुळलं, माझं पूर्ण.

हे एचएलए काय ते मॅडमना विचारून विचारून जे डोक्यात शिरलं ते असं, की प्रत्येक पेशी घरात काय शिजतंय त्याचा एक घास वाटीत घालून दाराबाहेर ठेवते, घास म्हणजे प्रोटीनचा ८-१० अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा आणि वाटी म्हणजे एचएलए. टी-सेल म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पांढऱ्या पेशी, त्या वाट्या तपासत फिरतात, व्हायरसचा तुकडा दिसला की ती पेशी खलास. पण घास एकटा बघत नाहीत, वाटीही ओळखीची लागते. १९७४ ला ऑस्ट्रेलियात कॅनबेराला डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी उंदरांवर हे दाखवलं, एका जातीच्या उंदराच्या टी-सेलनी दुसऱ्या जातीच्या, त्याच व्हायरसने भरलेल्या पेशींना हातच लावला नाही, १९९६ ला नोबेल. आता माझ्या टी-सेल दादाच्या अंगात जाणार, तिथल्या वाट्या अनोळखी वाटल्या तर त्याची कातडी, आतडी, लिव्हर सगळ्यावरच तुटून पडतील.

माझी सीएमव्ही नावाच्या व्हायरसची टेस्ट पण केली. हा व्हायरस भलताच चालू, पेशीच्या वाट्याच दाराबाहेर येऊ देत नाही! पण एनके सेल म्हणून दुसऱ्या पहारेकरी पेशी आहेत त्यांना वाटी नसलेल्या दाराचाच संशय येतो.

मग स्टेमसेल हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून जीसीएसएफ या औषधाची इंजेक्शनं, ५ दिवस. सुई काहीच नाही पण कंबर अशी ठणकायची की रात्री कूस बदलवेना, पॅरासिटामॉलवर काढले. पाचव्या दिवशी मशीनवर साडेचार तास, एका हातातून रक्त जातंय दुसऱ्यातून येतंय, मधेच ओठांना मुंग्या आल्या, नर्सताईंनी कॅल्शियम लावलं. आणि मिळालं काय तर टोमॅटो सारासारखी एक पिशवी, ती वर नेऊन दादाला साध्या सलाईनसारखी लावली.

आता दादाचं रक्त माझ्या पेशी बनवतात, त्यामुळे त्याचा ग्रुप पण ओ आलाय. आई अजून फॉर्मवर बी लिहिते.