मोफत बॅजला वय नसतं

शनिवारी रात्री दहा वाजून बारा मिनिटांनी आमच्या ऑनलाइन खेळसंमेलनाच्या तक्रारीच्या फॉर्मवर एक नोंद आली. ती अशी: "आमच्या जीएमच्या खोलीत आत्ता एक बाई आल्या आणि म्हणाल्या, 'सोमवारी पेपर आहे ना? अजून किती वेळ चालणार हे?' जीएमचा माइक चालू राहिला होता. सगळे हसले. मस्करी असेल तर सोडून द्या. नसेल तर मला या टेबलावर बसायचं नाही."

टेबल १८+ चं होतं. भयकथा, आठ ते बारा असा चार तासांचा स्लॉट, पाच खेळाडू. खेळ चालवणारा गेम मास्टर, म्हणजे जीएम, आमच्याकडे पहिल्यांदाच आलेला.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि जिथे शंका तिथे फासे टाकतात. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आलं तेव्हापासून हे असंच चालत आलंय. अशा खेळांची मोठी संमेलनं भरतात, तीन-तीन दिवस, शेकडो टेबलं. २०२० साली महामारीमुळे १९६८ पासून चालत आलेल्या जेनकॉन या अमेरिकेतल्या संमेलनालासुद्धा ऑनलाइन जावं लागलं. लहानसहान संमेलनं त्याच लाटेत पडद्यावर आली, आमचंही. आचारसंहिता आणि वयाचे नियम ही माझी जबाबदारी. खरं सांगायचं तर तेव्हा मी नियमावली लिहिली नव्हती. हॉलमध्ये भरणाऱ्या संमेलनाची उचलली होती आणि 'हॉल' जिथे होतं तिथे 'सर्व्हर' घातलं होतं.

हॉलमध्ये वयाचा नियम डोळे पाळतात, हे त्या वेळी सुचलं नाही. दारावरचा माणूस चेहरा बघतो, मनगटावर पट्टी बांधतो. टेबलं उघड्यावर असतात, येणारेजाणारे मागे उभे राहून बघतात. आमच्याकडे प्रत्येक टेबलाला कुलूपबंद व्हॉइस चॅनेल असतं. तिकीट असेल त्यालाच बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आत सोडतो. कॅमेरे बहुतेकांचे बंद. नकाशा, फासे, कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचं पान) हे सगळं तिसऱ्याच ठिकाणी, जीएमच्या स्वतःच्या खात्यावर उघडलेल्या व्हर्च्युअल टेबलवर. तिथे कुणी कुणाच्या कानात काय कुजबुजतो हे आम्हाला कधीच दिसत नाही. आमचे स्वयंसेवक फेरी मारतात, पण फेरी म्हणजे चॅनेलमध्ये शिरायचं, आपलं नाव यादीत झळकलं की सगळे गप्प होतात ते ऐकायचं आणि 'सगळं ठीक ना?' विचारून बाहेर पडायचं.

त्या रात्री मी त्या जीएमचा फॉर्म उघडला. वयाचा रकानाच नव्हता.

वय आम्ही बॅज, म्हणजे संमेलनाचा प्रवेशपास, विकत घेताना विचारतो. जीएमला मात्र बॅज मोफत मिळतो. कोड टाकला की पैसे भरायचं पान वगळलं जातं, आणि वयाचा प्रश्न नेमका त्या पानावर होता. म्हणजे इतकी वर्षं संमेलनातल्या सर्वांत जास्त अधिकार असलेल्या माणसाचं वय आम्ही कधी विचारलंच नव्हतं. नोंदणीची रचना ज्यांनी केली त्यांचं म्हणणं, "जीएम मोठेच असतात." हे वाक्य ऐकून मला रागही येत नाही आता. मीही तसंच धरून चालले होते.

आता त्याला वय विचारायचं कसं? नियम असा: कर्मचाऱ्याने अल्पवयीन व्यक्तीला एकट्याने खाजगी संदेश पाठवायचा नाही, सोबत दुसरा कर्मचारी हवाच. नियम माझाच आणि चांगला आहे. पण तो अल्पवयीन आहे की नाही हे विचारायलाच तर संदेश पाठवायचा होता. अनोळखी मोठ्या बाईने रात्री दहानंतर एका मुलाला खाजगीत गाठून 'तुझं वय काय?' म्हणायचं, म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही लोकांना बॅन करतो तेच. दुसरा माणूस शोधण्यात अकरा मिनिटं गेली. मिळाले ते वेळापत्रक सांभाळणारे, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "स्लॉट रिकामा राहणार का?"

त्या अकरा मिनिटांत मी त्याच्या टेबलचं वर्णन वाचलं. इतका काटेकोर फॉर्म त्या वर्षी दुसरा आला नव्हता. मजकुराच्या इशाऱ्यांची यादी मी मेहनतीने बनवलेली आहे, रक्त, किडे, बंद जागा, मुलांवरचं संकट असे बरेच प्रकार. बहुतेक जीएम 'हिंसा' एवढ्यावरच खूण करतात आणि पुढे जातात. याने प्रत्येक खुणेपुढे ओळ लिहिली होती: कोणत्या प्रसंगात, साधारण कितव्या तासाला, वगळता येईल का. गोष्ट एका दीपगृहाची. तीन रखवालदार आणि रात्री जिन्यावर चौथ्याची पावलं. एक रखवालदार स्वतःला इजा करून घेतो असा प्रसंग होता, तेवढ्याचसाठी त्याने टेबल १८+ ठेवलेलं. 'हा प्रसंग दाराआड होईल, दाखवणार नाही' असंही लिहिलेलं. आमच्या भाषेत ही 'व्हेल' (veil, म्हणजे पडदा): गोष्ट घडते, पण पडद्याआड. 'लाइन' म्हणजे जी घडणारच नाही. रॉन एडवर्ड्स यांनी रुळवलेले हे शब्द वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांच्याही तोंडी उलटेपालटे होतात.

एक्स-कार्डचं त्याने केलेलं तर मी लगेच आमच्या मार्गदर्शिकेत घालावं असं होतं. जॉन स्टाव्रोपोलस यांची ही कल्पना साधी आहे. टेबलाच्या मध्यावर एक्स लिहिलेलं कार्ड, नकोसं काही आलं की त्याला हात लावायचा, कारण सांगायचं नाही, गोष्ट तिथून वळते. ऑनलाइन हे मोडतं. चॅटमध्ये एक्स टाइप करा म्हटलं तर जीएमचं लक्ष नकाशावर असतं, आणि टाइप करणाऱ्याचं नावही दिसतं. याने नकाशाच्या कोपऱ्यात कार्डाचं टोकन, म्हणजे सरकवता येणारी सोंगटी, ठेवलं होतं आणि ते हलवण्याचा हक्क पाचही जणांना दिला होता. ज्याला थांबायचंय त्याने ते मध्ये सरकवायचं. कुणी सरकवलं ते कुणालाच कळत नाही. शिवाय जीएमची नजर तिथेच असते. मी कित्येक वर्षं या प्रश्नावर डोकं आपटत होते.

आम्ही दोघांनी मिळून संदेश पाठवला. ब्रेक झाल्यावर त्याचं उत्तर आलं, लगेच आणि सरळ: "सोळा. पुढच्या महिन्यात सतरा. फॉर्ममध्ये विचारलं असतंत तर लिहिलं असतं."

तोपर्यंत मी त्याला 'तुम्ही' म्हणत होते. पुढचा संदेश मी 'तू' ने सुरू केला, आणि पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं. पाच मिनिटांपूर्वी ज्याच्याकडून शिकत होते तोच माणूस होता.

त्याने नियम वाचले होते, माझ्यापेक्षा नीट. "१८+ टेबलावर खेळाडूंचं वय १८ पूर्ण असावं," असं आमचं वाक्य. "मी खेळाडू नाही, जीएम आहे. म्हणून मला चालेल असं वाटलं." वकिली करत नव्हता तो. वाक्य तसंच होतं आणि 'खेळाडू' हा शब्द माझा होता.

टेबल थांबवायचं ठरलं. सहकाऱ्यांनी सुचवलं, "तांत्रिक अडचण म्हणून सांगू." मी नाही म्हणाले. पण खरं कारण सांगायचं तर मुलाचं वय पाच अनोळखी माणसांपुढे उघड होतं. शेवटी चॅनेलमध्ये जाऊन म्हटलं, "हे टेबल आमच्या नियमात बसत नाही. चूक आयोजकांची आहे, तुमच्यापैकी कुणाची नाही." आईचं वाक्य ऐकलेल्यांना उरलेलं कळलंच. एक जण तिकिटाच्या पैशांबद्दल बोलला. दुसरा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मघाशी मी एक जोक मारला. घाणेरडा होता. मला माहीत असतं तर मारला नसता." तक्रार त्याने केली नव्हती. पण मला वाटतं, त्या रात्री खरा फसवला गेला तो हा माणूस. कुणाबरोबर बसलोय हे ठाऊक असायचा हक्क मोठ्यांनाही असतो, आणि आमच्या नियमावलीत त्याचा पत्ता नाही.

जीएमने पाच मिनिटं मागितली. "गोष्ट मिटवू द्या. दार उघडायचा प्रसंग राहिलाय, तो मी काढून टाकतो, नुसता शेवट सांगतो." खेळाडूही म्हणाले, सांगू द्या. मी नाही म्हणाले. आम्हाला कळल्यावरही टेबल चालू राहिलं, अशी नोंद नको होती. ती पाच मिनिटं मी अजून मोजतेय.

मग पालकांशी बोलायचं होतं. मी म्हटलं, त्यांनी आमच्या अधिकृत पत्त्यावर लिहावं. त्याऐवजी त्याच्याच माइकवर आवाज आला, "नमस्कार, मी याची आई. तुम्ही कोण, आणि रात्री साडेदहाला माझ्या मुलाशी काय बोलताय?"

सबंध संमेलनात तेवढा एकच प्रश्न बरोबर होता. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, सहकारीही सोबत आहेत म्हटलं. मुलगा गोष्टींचे खेळ चालवतो हे त्यांना माहीत होतं, त्याचं कौतुकही होतं. "वर्गातली मुलं असतील असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "आवाज मोठे वाटायचे, पण आता याचाही मोठाच झालाय."

दुसऱ्या आठवड्यात बैठक झाली. पहिला प्रस्ताव: जीएमचं वय १८, विषय संपला. दुसरा: वयाचा पुरावा मागा. म्हणजे मुलांच्या ओळखपत्रांच्या प्रती आमच्या स्वयंसेवकांच्या लॅपटॉपवर! ज्यांना अजून सामायिक पासवर्ड बदलायला तीनदा सांगावं लागतं त्यांच्या हाती. जन्मतारीख विचारण्याचा उपयोग तर सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या यादीत १ जानेवारीला जन्मलेल्यांची गर्दी पाहावी. मुख्य संयोजकांना नियमच नको होते, "सर्वांकडून सुसंस्कृत वर्तन अपेक्षित" एवढी एक ओळ पुरे. असली ओळ लिहायला सोपी. रात्री दहा वाजून बारा मिनिटांनी ती हातात धरून काय करायचं, हे त्यांना कधी ठरवावं लागलेलं नाही.

आणि ते १३. आमची साधी टेबलं १३+ असतात. का, असं बैठकीत विचारलं तर कुणालाच सांगता येईना. हा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या कोप्पा कायद्यातून आलाय: १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करायची तर पालकांची संमती हवी. डिस्कॉर्ड हे गप्पांचं अ‍ॅपही म्हणूनच बहुतेक ठिकाणी १३ म्हणतं. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात तो १६ आहे, देशांना १३ पर्यंत खाली आणायची मुभा. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण मूलच. हे सगळे आकडे माहिती गोळा करण्यासाठी आहेत. तेरा वर्षांच्या मुलाने चार तास अनोळखी प्रौढांबरोबर बंद खोलीत बसावं का, याचं उत्तर त्यांच्यात नाही, आणि आम्ही मात्र ते तिथूनच उचललं होतं.

कारण हे लक्षात घ्या. त्या मुलाने इजेचा प्रसंग गाळून टेबल १३+ म्हणून लावलं असतं, तर तेच पाच प्रौढ, तेच कुलूपबंद चॅनेल, तोच जोक, आणि एकही नियम मोडला नसता. तो सापडला तो प्रामाणिकपणे खुणा केल्या म्हणून. आमच्या वयोमर्यादा गोष्टीत काय आहे ते बघतात. खोलीत कोण आहे ते बघत नाहीत.

मी आता मसुदा लिहितेय. १३ ते १७ साठी वेगळी टेबलं, प्रत्येक टेबलावर पडताळणी झालेले दोन प्रौढ. १८ खालचा जीएम फक्त त्या टेबलांवर, पालकाची लेखी संमती आणि संपर्क आधी. प्रौढांच्या टेबलावर कुणीही लहान नाही, गोष्ट कितीही गोंडस असो. वर्णनात ही माहिती तिकीट काढण्याआधी दिसली पाहिजे. 'पालक उपस्थित' याचा अर्थ घरात, खोलीत की चॅनेलमध्ये, यावर आम्ही दीड तास भांडलो. मी चॅनेलमध्ये म्हणतेय, बाकीचे घरात म्हणताहेत. आणि दोन प्रौढ आणायचे कुठून, हे वेळापत्रकवाले दर बैठकीत विचारतात. या वेळी त्यांचं बरोबर आहे. माणसं नाहीत. म्हणजे असली टेबलं तीन-चारच लावता येतील, आणि उरलेली मुलं खोटी तारीख टाकून मोठ्यांच्या टेबलावर जातील.

त्या मुलाची मेल आली, आईच्या पत्त्यावरून. सोबत एक पानाची फाइल: दीपगृहाच्या गोष्टीचा शेवट. 'माझ्याकडे खेळाडूंचे पत्ते नाहीत आणि मागणारही नाही. तुमच्याकडून पाठवाल का?' अल्पवयीन मुलाचा मजकूर पाच प्रौढांना पोचवण्याबद्दल नियमावलीत काही नाही. मुख्य संयोजक म्हणाले, कशाला, विषय मिटलाय.

उत्तर लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. 'तुझी मेल मिळाली' की 'तुमची'? दोन्ही लिहून पाहिली. फाइल मात्र वाचली. चौथा रखवालदार कोण ते मला माहीत आहे, त्या पाच जणांना नाही.