चाचणीच्या पेटीपलीकडे

शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून मी काम सुरू केले, तेव्हा बुद्धिमापन चाचणीची पेटी हीच माझी ओळख होती. या चौकटीला इतिहास आहे: फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ बिने आणि सिमों यांची १९०५ ची बुद्धिमापनश्रेणी शिकताना जादा मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी होती, आणि १९१५ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्याने अर्नोल्ड गेझेल यांना शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले तेही मुख्यतः मुलांची तपासणी करण्यासाठीच.

माझी दृष्टी बदलली ती एका मुलामुळे. प्रत्येक उत्तर तो कागद फाटेपर्यंत खोडून पुन्हा लिहायचा. गुणांक सरासरी आला. पण दोन दिवस वर्गात मागच्या बाकावर बसल्यावर लक्षात आले, की मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की तो पाणी प्यायला बाहेर जातो. शिक्षिकेशी बोलून त्याचा उतारा त्याला आदल्या दिवशी द्यायचे ठरवले आणि हळूहळू त्याचे बाहेर जाणे थांबले.

आज शिक्षक-पालकांशी सल्लामसलत, छळाला प्रतिबंध आणि एखाद्या मृत्यूनंतर शाळेला सावरणे हेही आमचेच काम आहे. त्यासाठी पदवी पुरत नाही. अनुभवी सहकाऱ्यासमोर आपली प्रकरणे नियमितपणे मांडावी लागतात, आणि माझ्या मते हा वेळ कामाच्या तासांतच मिळायला हवा. अमेरिकेतील शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा अशी शिफारस करते; एकाच व्यक्तीवर अनेक शाळा सोपवल्या, की ती पुन्हा पेटी घेऊन फिरणारी परीक्षक होते.