एल निनो बरोबर, ढग चुकीचे

आमच्या क्लायमेट मॉडेलच्या नव्या व्हर्जनचा मोठा रन संपला आणि निनो ३.४ चा प्लॉट बघून सगळे खूश झाले. निनो ३.४ म्हणजे पॅसिफिकच्या मधोमधचा चौकोन, विषुववृत्तापासून ५ अंश उत्तर-दक्षिण आणि १७० ते १२० अंश पश्चिम, तिथलं पाणी किती तापलं त्यावर एल निनो ठरतो. चढउतार अगदी प्रत्यक्षातल्यासारखा आला होता, सर मीटिंगमध्ये म्हणाले, "झालं, हेच व्हर्जन फ्रीझ करा." मला मात्र पटत नव्हतं, कारण पाणी तापलं की व्यापारी वारे (पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे, ते ढिले पडले की पाणी आणखी तापतं) जेवढे ढिले पडायला हवेत तेवढे आमच्याकडे पडतच नव्हते, मग एल निनोला एवढं बळ येतंय कुठून?

म्हणून त्याच दुपारी उन्हाचा हिशोब काढला. पाणी एक अंशाने तापलं तर समुद्रावर पोचणारं ऊन किती वॉटने बदलतं, हे ग्रिडच्या, म्हणजे मॉडेलने पृथ्वीवर आखलेल्या जाळीच्या, प्रत्येक चौकोनावर काढायचं. कोड चार ओळींचा आहे, पण फारसं कुणी बघत नाही, कारण मीटिंगमध्ये हा आकडा कुणी विचारतच नाही. सॅटेलाइटच्या नोंदींत मध्य पॅसिफिकवर उत्तर उणे येतं, पाणी तापलं की उंच ढग उभे राहतात, ऊन अडतं आणि तापणं आवरतं. आमच्या नकाशावर तिथे सगळं लाल, म्हणजे अधिक. पाणी तापलं की मॉडेलमध्ये ऊन वाढत होतं!

पेरू-चिलीच्या किनाऱ्यापुढे असं खरंच होतं. तिथे थंड पाण्यावर खालच्या ढगांचा पातळ थर असतो, जाडी काहीशे मीटर, आणि पाणी तापलं की तो विरतो. आमच्या ग्रिडचा एक चौकोन शंभरेक किलोमीटरचा, तेवढ्या उंचीत मॉडेलचे मोजकेच थर येतात, त्यामुळे हे ढग मॉडेल खरं तर बघतच नाही, सूत्राने अंदाज करतं. त्यात आमचा थंड पाण्याचा पट्टा पश्चिमेला फार लांब सरकलाय (हा रोग बऱ्याच मॉडेल्सना आहे), म्हणून मध्य पॅसिफिकवर उंच ढग तयारच होत नाहीत, किनाऱ्याजवळचे खालचे ढग तिथपर्यंत पसरतात. वारे हवे तेवढे ढिले पडत नाहीत, ढग जास्तीचं ऊन देतात, दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बेरीज बरोबर येते.

खात्री करायला नंतर ढग लॉक करून रन टाकला. यात रेडिएशनच्या, म्हणजे ऊन आणि उष्णतेचा हिशोब करणाऱ्या, कोडला त्याच तारखेचे पण भलत्याच वर्षाचे ढग द्यायचे, म्हणजे पाणी तापलंय हे ढगांना कळतच नाही. एल निनो पार मरगळला. २०१६ मध्ये हॅम्बुर्गच्या मॅक्स प्लांक संस्थेच्या मॉडेलवरचा असाच प्रयोग छापून आला होता, तिथेही एल निनोचा जोर निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला, पण तिथलं कारण वेगळं होतं, उंच ढग उष्णता अडवून हवा तापवतात आणि त्यातून वारे हलतात. निकाल सारखाच, वाट वेगळी, आणि मला नेमकी हीच गोष्ट छळतेय.

मग ढगांचे पॅरामीटर बदलून उन्हाच्या आकड्याची उणे-अधिक चिन्हं प्रत्यक्षातल्यासारखी आणली तर एल निनो आणखी दुबळा झाला, कारण वाऱ्यांची चूक उघडी पडली. सर म्हणाले, "चांगलं चाललेलं कशाला बिघडवतेस?" ते वाईट माणूस नाहीत, त्यांना वर उत्तर द्यायचंय आणि वर सगळ्यांना एकच आकडा हवा असतो. पण झाकली मूठ घेऊन आम्ही पावसाचा अंदाज द्यायचा का? १९९७ चा एल निनो प्रचंड होता तरी देशात मान्सून सरासरीच्या १०२ टक्के झाला, २००२ चा त्यापेक्षा कितीतरी कमजोर, पण मध्य पॅसिफिकमधला, आणि त्या जुलैत पाऊस जवळपास निम्माच पडला. म्हणजे पाणी कुठे तापतंय याला एवढं महत्त्व, आणि ती जागा ठरवण्यात या ढगांचा मोठा हात आहे. मराठवाड्यात पेरणीची वाट बघणाऱ्याला आमचं निनो ३.४ बरोबर आलं याचं काय?

मी एवढंच मागितलंय की दर व्हर्जनच्या रिपोर्टमध्ये निनोच्या आकड्याशेजारी उन्हाचा आणि वाऱ्यांचा असे दोन कॉलम टाका, आणि ते चुकलेले असतील तर व्हर्जन फ्रीझ करू नका. ज्युनिअर मुलं माझ्या बाजूने आहेत. सरांनी अजून हो म्हटलेलं नाही, तोवर दोन्ही व्हर्जन क्यूमध्ये आहेत.